गावातलीच बाई

पोटुशी बाईने हात राखून जेवायचं. का, तर मूल पोटात फार वाढलं तर बाळंतपणात अडेल. १९७० च्या सुमाराला जामखेडच्या आसपासच्या कुठल्याही गावात सासू सुनेला हे सांगायची, आणि त्यात दुष्टावा नसायचा. तिने अडलेल्या बाया पाहिलेल्या असत. दोन-दोन दिवस कळा देऊन थकलेली, शेवटी बैलगाडीत घालून नेताना वाटेतच गेलेली एखादी जाऊ किंवा नणंद तिच्या डोळ्यांपुढे असे. पोट फाडून मूल काढणारा डॉक्टर नगरसारख्या दूरच्या शहरात असेल, तर बाईच्या हातात उपाय एकच उरतो: मूल लहान ठेवायचं. ज्याला आपण अडाणीपणा म्हणून हसतो, त्यात पुष्कळदा असा कडू हिशेब असतो.

हिशेब कडू होता आणि चुकीचाही होता. अर्धपोटी बाईच्या अंगात रक्त कमी, म्हणून बाळंतपणात जरा जास्त रक्त गेलं की ती तग धरत नसे. मूल जन्मायचं ते मुठीएवढं. नाळ विळ्याने नाहीतर घरातल्या मिळेल त्या पात्याने कापलेली, वर कुठे शेणाची राख दाबलेली. पुढे चार-सहा दिवसांत मूल दूध ओढेनासं व्हायचं, आखडायचं आणि जायचं. हा धनुर्वात. पण सटवाईची पूजा पाचव्या-सहाव्या दिवशीची आणि धनुर्वात दिसायचा तोही साधारण त्याच सुमाराला. मग दोष सटवाईकडे जाई, विळ्याकडे कुणी पाहत नसे.

या मरणांची मोजदाद देशपातळीवर त्याआधीच झाली होती. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात अंदाज आहे, दर हजार जिवंत जन्मांमागे सुमारे २० मातांचा मृत्यू, म्हणजे वर्षाला जवळजवळ दोन लाख बायका. हा आकडा गावावर उतरवून पाहावा. हजार वस्तीच्या गावात त्या काळी वर्षाला चाळीसेक जन्म होत. म्हणजे दर सव्वा वर्षाला एक तरणी बाई बाळंतपणात जायची. सव्वा वर्ष हे अंतर मोठं चमत्कारिक आहे. मरण विसरलं जावं इतकं ते लांब नाही आणि चौकशी व्हावी इतकं जवळही नाही. प्रत्येक वेळी ते त्या एका बाईचं नशीब ठरतं. असल्या गावात 'मातेचं आरोग्य' हा विषय निघणार तरी कुणाच्या तोंडून?

जामखेड हा तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याचा दक्षिणेकडचा, बीडच्या सरहद्दीला लागून असलेला कोरडा तालुका. इतिहासात त्याचं नाव दोनदा येतं. १७२५ मध्ये अहिल्याबाई होळकरांचा जन्म इथल्या चौंडीत झाला आणि १७९५ मध्ये मराठे नि निजाम इथल्याच खर्ड्याला लढले. त्यानंतरची पावणेदोनशे वर्षं तालुक्याच्या वाट्याला बहुतेक दुष्काळच आले. १९७० मध्ये तिथे एक डॉक्टर जोडपं आलं: रजनीकांत आणि मेबल आरोळे. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे. याच जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात त्यांनी काही वर्षं काढली होती आणि तिथे एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती. तेच रोगी, तेच रोग, पुन्हा पुन्हा. बरं करून घरी पाठवायचं आणि महिन्याभराने तेच पोर तीच हगवण घेऊन परत. मग अमेरिकेत जाऊन जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं आणि परत येऊन मुद्दाम, कुणी जात नाही अशी जागा निवडली. जामखेडला पहिला दवाखाना थाटला तो जनावरांच्या एका पडीक दवाखान्यात.

त्यांची पहिली योजना फसली. हे सांगायला हवं, कारण त्या फसण्यातूनच पुढचं सारं निघालं. त्यांनी शिकलेल्या नर्स-प्रसाविका गावोगाव ठेवायचं ठरवलं होतं. पण परगावची तरुण, एकटी मुलगी गावात रात्री राहायला घाबरायची, आणि ते बरोबरच होतं. गावच्या बायकाही तिचं ऐकत नसत. तिचं लुगडं वेगळं, बोली वेगळी, स्वतःला मूलबाळ नाही आणि ती कळांविषयी सांगणार! गावकऱ्यांशी बोलता बोलताच पर्याय पुढे आला की बाहेरची बाई कशाला, गावातलीच एखादी शिकवा. गावातली शिकवायची तर निरक्षर शिकवावी लागेल, कारण साक्षर बाई गावात नव्हतीच.

निवडलेल्या बायका बहुतेक चाळिशीच्या आगेमागे होत्या. बऱ्याचजणी दलित, काही विधवा, काही टाकलेल्या. घरच्या कामातून त्यांना मोकळीक मिळत होती, कारण काहींना घरच नव्हतं. प्रतिष्ठित घरची बाई उंबरा ओलांडून दारोदार जाणार नव्हती. जिला गमवायला काही नव्हतं ती जायला तयार झाली. अनेक गावांत बाळंतपणाचा विटाळ आणि नाळ कापण्याचं काम आधीपासूनच खालच्या मानलेल्या जातीच्या बाईकडे होतं. म्हणजे ज्या घरात एरवी तिची सावली चालत नसे, तिथे कळा सुरू झाल्या की तीच लागे. जातीच्या भिंतीला बाळंतपणाची ही एक खिडकी पहिल्यापासून होती. आरोळ्यांनी ती पाहिली आणि तिच्यातून औषध-ज्ञान आत सोडलं. १९७२-७३ च्या दुष्काळात बोअर घेतानाही त्यांची अशीच चाल होती. पाणी दलितवस्तीत लागेल असं ठरवून विंधणी तिकडे नेली, म्हणजे सारा गाव घागरी घेऊन तिकडेच येणार.

या बायका दर आठवड्याला जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या, सगळ्या जातींच्या एका खोलीत, एका पंगतीत. पहिले काही महिने औषधांपेक्षा बोलणंच शिकण्यात गेले. चारचौघांत स्वतःचं नाव मोठ्याने घ्यायलाही कित्येकींची जीभ वळत नव्हती. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' यापलीकडे त्यांना नाव लागलेलंच नव्हतं. पाठांतर मात्र दांडगं. जात्यावरच्या शेकडो ओव्या मुखोद्गत असलेल्या बायकांना पाटी-पेन्सिलीची काय गरज? गाणी, गोष्टी आणि फ्लॅनेलच्या कापडावर चिकटवायची चित्रं यांतून धडे गेले. पापणी खाली ओढून आतला लाल रंग फिकटला आहे का बघायचं. घोट्यावर अंगठा दाबून खळगा पडतो का बघायचं. पोटावर हात ठेवून मुलाचं डोकं खाली आहे की आडवं, ते ओळखायचं. पुढे त्या रक्तदाबही मोजू लागल्या. सही करता न येणाऱ्या बाईच्या हातात रक्तदाबाचं यंत्र पाहून त्या काळच्या डॉक्टर मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

खरं कसब होतं ते सासूला वळवण्यात. पोटुशी सून स्वतः काहीच ठरवत नसते, हे शहरी आरोग्यप्रचाराच्या कधी ध्यानात आलं नाही. त्याची सारी भित्तिपत्रकं सुनेशी बोलतात. जामखेडची कार्यकर्ती सासूच्या वयाची, सासूबरोबर खुरपायला जाणारी. तिने 'कमी खायचं' ही रीत मोडीत काढली ती वाद घालून नव्हे. शेतातल्या गोष्टीवरून ती बोलायची. गाभण गाईला आपण पेंड जास्त घालतो की कमी? मग सुनेनेच काय घोडं मारलंय? आणि सोबत हेही सांगायची की मूल अडलं तर जामखेडला डॉक्टरीणबाई आहे, गाडी येते, पोट फाडून काढतात, बाई वाचते. हे दुसरं वाक्य पहिल्याइतकंच महत्त्वाचं होतं. लहान मुलाचा हिशेब ज्या भीतीवर उभा होता ती भीतीच त्याने काढून घेतली.

बाळंतपणासाठी तिच्याकडे निर्जंतुक पुडकं असे: साबण, पातं, दोरा, कापड. धनुर्वाताची सुई टोचून घ्यायला बाया बिचकत, तर ती सोबत जाऊन बसायची. चीक काढून टाकू नका, तो पहिल्या तासातच पाजा, हे पटायला तर वर्षं लागली. पण गावात एकदा एका घरी चीक पाजून मूल ठणठणीत राहिलं की पुढचं काम ते मूलच करायचं, अंगणात रांगून.

प्रकल्पाच्या नोंदी सांगतात की १९७१ मध्ये गरोदरपणी तपासणी झालेल्या बायका शंभरात एकही भरत नव्हत्या. १९७६ पर्यंत त्या ८० टक्क्यांवर गेल्या. बालमृत्यू १९७१ मध्ये हजारी १७६ होते, १९९६ पर्यंत ते २६ वर आले. हे आकडे प्रकल्पाचे स्वतःचे आहेत, पण कामाची दखल दुनियेने घेतली. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये काढलेल्या 'हेल्थ बाय द पीपल' या ग्रंथात जामखेडवर आरोळे दांपत्याचं स्वतंत्र प्रकरण आहे. तीन वर्षांनी, सप्टेंबर १९७८ मध्ये, सोव्हिएत कझाकस्तानातल्या अल्मा-आटा शहरात १३४ देशांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी प्राथमिक आरोग्याचा जाहीरनामा काढला. त्यामागे जी थोडी उदाहरणं होती त्यांत जामखेड होतं. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

जामखेड एकटंही नव्हतं. तो काळच महाराष्ट्रात तसा होता. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. बानू कोयाजी वढू बुद्रुकला कामाला लागल्या होत्या, प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अंटिया मांडव्याला, डॉ. पी. एम. शहा डहाणूजवळच्या कासा भागात. सगळ्यांची भाषा वेगळी, पण सगळे फिरून एकाच जागी येत होते. अर्धवेळ काम करणारी, गावातलीच, बहुधा न शिकलेली बाई.

सरकारनेही हे ऐकलं. पण नीट ऐकलं नाही. १९७५ च्या श्रीवास्तव समितीने गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांची शिफारस केली होती. जनता पक्षाचं सरकार आलं, राजनारायण आरोग्यमंत्री झाले, आणि २ ऑक्टोबर १९७७ ला गांधीजयंतीच्या मुहूर्तावर देशभर योजना सुरू झाली. हजार वस्तीमागे एक आरोग्य कार्यकर्ता, तीन महिन्यांचं प्रशिक्षण, महिन्याला ५० रुपये मानधन आणि औषधांची पेटी. निवड ग्रामपंचायतीने करायची. तेव्हाच्या ग्रामपंचायतीने कुणाला निवडलं असेल ते मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. सरपंचाचा पुतण्या, मॅट्रिक नापास, रिकामा. देशभर नेमलेले हे कार्यकर्ते बहुतेक पुरुष होते. पेटीतल्या गोळ्या तो वाटायचा, कुणी सुया टोचून छोटा डॉक्टरही बनला. पण पोटुशी बाई त्याला पायाची सूज दाखवणार होती का? अंगावरून किती जातंय ते सांगणार होती का? योजनेचं नाव आधी आरोग्य स्वयंसेवक आणि मग व्हिलेज हेल्थ गाइड असं बदलत गेलं, पुढे बायकांना प्राधान्य द्या असे आदेशही निघाले, पण मूळ साचा तोच राहिला. जामखेडकडून सरकारने संख्या उचलली, पेटी उचलली, बाई तेवढी सोडून दिली. त्या एका चुकीची किंमत पंचवीसेक वर्षांच्या बाळंतपणांनी मोजली असं माझं मत आहे.

या मधल्या काळात बायकांच्या मौनाची खोली किती आहे हे गडचिरोलीने दाखवून दिलं. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी १९८६ मध्ये तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांची राणीताईंनी तपासणी केली आणि जानेवारी १९८९ च्या 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं आणि त्यासाठी आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. बाकीच्यांनी अंगावर काढलं होतं. तोवर जगभरच्या आरोग्यखात्यांना 'स्त्री' म्हणजे गरोदर स्त्री किंवा कुटुंबनियोजनाची केस एवढंच दिसत होतं. पुढे १९९५ पासून ३९ गावांत सर्चच्या आरोग्यदूत बायकांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला सुरुवात केली. वजन घेणं, ऊब देणं, श्वास अडकला तर सोडवणं, जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शन देणं. तीन वर्षांत नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरलं.

इथे एक शंका घ्यायला हवी आणि ती जगातल्या जाणकारांनी घेतलीही. नुसत्या जागृतीने आई वाचते का? रक्तस्राव सुरू झालेल्या बाईला गाणी वाचवत नाहीत, तिला रक्त लागतं. झटके आलेल्या बाईला इंजेक्शन लागतं, आडव्या मुलाला भूलतज्ज्ञ आणि सर्जन. १९८७ च्या नैरोबी परिषदेपासून मातामृत्यूचा विषय जगाच्या पटावर आला आणि १९९४ मध्ये तीन उशिरांची मांडणी पुढे आली. घरात निर्णय घ्यायला झालेला उशीर, दवाखान्यापर्यंत पोचायला झालेला उशीर, आणि दवाखान्यात पोचल्यावर उपचार मिळायला झालेला उशीर. गावातली बाई पहिला उशीर तोडू शकते. दुसऱ्यासाठी रस्ता नि गाडी पाहिजे आणि तिसऱ्यासाठी सरकार जागं पाहिजे. जामखेडचं गुपित हेच होतं की तिच्या शब्दामागे हॉस्पिटल उभं होतं. तिने पाठवलेली बाई परत पाठवली जात नव्हती. एकदा जरी तसं झालं असतं तरी तिचा शब्द गावात पडला असता.

मुक्ताबाई पोळ या जामखेडच्या कार्यकर्तीने १९८८ मध्ये वॉशिंग्टनला, आरोग्यतज्ज्ञांनी भरलेल्या सभागृहात भाषण केलं. छतावरच्या झुंबरांकडे बोट दाखवून ती म्हणाली की डॉक्टर तसे असतात, लखलखीत, महाग आणि उंचावर टांगलेले, ते पाहायला माणसाला हजारो मैल यावं लागतं. मग तिने पणत्या काढल्या आणि एकीवरून दुसरी लावून दाखवली. भाषण गाजलं, आजही सांगितलं जातं. पण सांगणारे पुष्कळदा एक गोष्ट गाळतात. झुंबर नको असं मुक्ताबाईंच्या प्रकल्पात कुणीच म्हटलं नव्हतं. जामखेडला शस्त्रक्रियागृह होतंच.

१२ एप्रिल २००५ ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि त्यासोबत 'आशा' ही गावपातळीवरची आरोग्य कार्यकर्ती आली. तीन वर्षं आधी छत्तीसगडने 'मितानिन' ही अशीच गावातली कार्यकर्ती उभी केली होती, तिचा अनुभव जमेला होता. या वेळी अट पक्की होती: ती बाईच असेल, त्याच गावची लेक किंवा सून असेल. २८ वर्षांनी सरकारने चूक दुरुस्त केली. दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईला पैसे देणारी जननी सुरक्षा योजनाही त्याच वर्षीची. २०११ मध्ये गडचिरोलीच्या आरोग्यदूतांचं काम आशांच्या कामात आलं. बाळंतीण घरी आली की ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशा तिच्या दारात. सटवाईच्या पाचवीच्या अलीकडे-पलीकडे दोन्हीकडे तिची फेरी असते, हा योगायोग मला मोठा आवडतो.

महाराष्ट्रात मातामृत्यूचं प्रमाण २००१-०३ मध्ये लाख जिवंत जन्मांमागे १४९ होतं, २०१८-२० मध्ये ते ३३ वर आलं. देशाचं तेव्हा ९७ होतं. याचं सारं श्रेय आशांना देणं भाबडेपणाचं ठरेल. रस्ते झाले, २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आली, मुलं कमी झाली, लग्नाचं वय थोडं वर सरकलं. तरीही १०८ ला फोन कधी करायचा हे घरात कुणीतरी ठरवावंच लागतं, आणि तो पहिला उशीर आजही आशाच तोडते. जिथे ती तोडू शकत नाही ती जागाही डोळ्यांपुढे आहे. आष्टी, पाटोदा, जामखेडकडची कोयत्याची कुटुंबं दिवाळीनंतर ऊस तोडायला निघतात ती उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. पोटुशी बाई पाचव्या महिन्यात फडावर गेली की गावच्या आशाच्या वहीत तिच्या नावापुढे 'स्थलांतरित' एवढाच शब्द पडतो. कारखान्याच्या गावची आशा तिला ओळखत नाही. गावातलीच बाई हा सारा डाव ज्यावर उभा आहे, तो गावच तिथे सुटतो.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. राज्यात त्या सुमारे ७० हजार आहेत. २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्या संपावर गेल्या आणि जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा. तेव्हा ठाण्यापासून आझाद मैदानापर्यंत त्या रस्त्यावर होत्या. मागणी मानधनवाढीची होती आणि त्यामागे जुनं दुखणं होतं, ते पदाच्या नावाचं. जामखेडच्या बायका स्वयंसेविका होत्या, प्रकल्पाने त्यांना नोकरीवर घेतलं नव्हतं, पण शेळ्यांना, छोट्या धंद्याला कर्ज देऊन त्यांच्या पोटाचं पाहिलं होतं. शासनाने तोच शब्द घेतला. मार्च २०२४ मध्ये दरमहा ५ हजारांच्या वाढीचा निर्णय निघाला. रात्री दोन वाजता गाडीतून अडलेल्या बाईला घेऊन जाणारी आशा शासनाच्या कागदावर मात्र अजून स्वयंसेविकाच आहे, आणि तिला जे मिळतं त्याला पगार नाही, मोबदला म्हणतात.